रात्रीचा आठवा तास

“फादर, रात्री तीनचा सुमार झाला की जाग येते. मग काही केल्या डोळ्याला डोळा लागत नाही. कूस बदलून बदलून अंग दुखतं, आणि कोंबडा आरवेपर्यंत साऱ्या जन्माचे हिशेब डोक्यात फिरत राहतात.” गेल्या पावसाळ्यात रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर एका वयोवृद्ध आजीबाईंनी आम्हांला हे सांगितले. हे कबुलीजबाबातले बोलणे नव्हते, आणि ते येथे लिहिण्यास त्यांची संमतीही आहे. पण सांगण्याचा सूर मात्र कबुलीचाच होता. आपल्या हातून काही आगळीक घडत असावी तसा त्यांनी आवाज खाली आणला होता.

ही तक्रार त्यांच्या एकटीची नाही. निवृत्त झालेले गृहस्थ, मुलगी परदेशी गेलेल्या आया, रात्रपाळी सोडून दहा वर्षे झाली तरी रात्रपाळीच्याच वेळी जागे होणारे कामगार, सर्वांचे म्हणणे थोड्याफार फरकाने हेच असते. पन्नाशी ओलांडल्यापासून आम्हीही याच दिंडीत सामील झालो आहोत. म्हणूनच, सेमिनरीत असताना केवळ परीक्षेपुरते वाचलेले एक जुने पुस्तक मध्यंतरी एका रात्री पुन्हा उघडले गेले, आणि त्यातील ज्या ओळीवरून आमची नजर पूर्वी सहज सरकून गेली होती तेथे ती या वेळी अडकली.

ते पुस्तक म्हणजे संत बेनेडिक्ट यांची नियमावली. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इटलीतील मोंते कासिनो येथील मठवासीयांसाठी ती रचली गेली. तिच्या आठव्या प्रकरणात बेनेडिक्ट सांगतात की, नोव्हेंबरच्या प्रारंभापासून पास्काच्या सणापर्यंत बंधूंनी रात्रीच्या आठव्या तासाला उठावे. म्हणजे अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक विश्रांती होईल आणि अन्नही पचलेले असेल. अन्नपचनाचा हा उल्लेख वाचून आम्हांला हसू आले. एवढा मोठा संत, पण प्रार्थनेची वेळ ठरवताना पोटाचा विचार करायला विसरला नाही.

आता हा ‘आठवा तास’ म्हणजे आपल्या घड्याळातले आठ नव्हेत. रोमन लोक सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या काळाचे बारा समान भाग पाडीत. रात्र मोठी झाली की तासही लांबत. डिसेंबरात त्या भागात रात्र सुमारे पंधरा तासांची असते, तेव्हा एकेक ‘तास’ आपल्या सव्वा तासाएवढा होई. तो हिशेब मांडला तर आठवा तास रात्री दोनच्या आगेमागे येतो. मात्र मठातले बंधू अंधार पडता पडता अंथरुणाला पाठ टेकीत असत. दोनला उठणाऱ्याची सहा-सात तासांची झोप तोवर पुरी झालेली असे. आजीबाईंना आम्ही विचारले, “तुम्ही निजता किती वाजता?” म्हणाल्या, “आठला जेवण, जपमाळ, की साडेआठला आडवी.” आठवा तास त्यांच्याही घरी जवळपास ठरल्या वेळीच येत होता तर!

बेनेडिक्ट यांनी या रात्रीच्या उठण्याची व्यवस्था मोठ्या बारकाईने लावली आहे. बंधूंनी अंगावरच्या कपड्यांनिशी, कमरेला पट्टा बांधून निजावे. शयनगृहात पहाटेपर्यंत दिवा तेवत ठेवावा. इशारा होताच उठावे आणि उठताना एकमेकांना हळुवार धीर द्यावा, कारण झोपाळूंना सबबी पुष्कळ सुचतात. उशीर करणाऱ्यांसाठी तर त्यांनी एक प्रेमळ पळवाट ठेवली आहे. आरंभीचे स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणायचे, म्हणजे मागे राहिलेला ते संपण्याआधी येऊन पोचेल. प्रार्थनेनंतर उजाडेपर्यंत जो वेळ उरे, तो ज्यांना स्तोत्रांचा अभ्यास करायचा असेल त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून दुपारच्या जेवणानंतर सर्वांनी आपापल्या बिछान्यावर मुकाट्याने पडावे. कोणाला वाचायचेच असेल तर त्याने दुसऱ्याची झोपमोड न करता वाचावे. रात्री कापलेली झोप दुपारी अशी भरून निघे.

त्यांच्या आधी शंभरएक वर्षे होऊन गेलेले संत जॉन कॅसियन अधिक कडक होते. रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर पुन्हा निजण्यास त्यांची साफ मनाई. त्या झोपेत अभद्र स्वप्ने पडतात आणि दिवसभर अंगात जडपणा राहतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आमच्या आजीबाईंची अडचण पुन्हा झोप येत नाही ही, तर त्या मठवासीयांची अडचण पुन्हा झोप येते ही! अकराव्या शतकातील राऊल ग्लाबेर नावाच्या बर्गंडीच्या मठवासीयाने आपल्या इतिहासग्रंथात एका बंधूची गोष्ट नोंदवली आहे. मॅटिन्सची, म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेची घंटा झाली असता सैतान त्याच्यापाशी आला, आणि एवढे कष्ट कशाला घेतोस, तिसरी घंटा होईपर्यंत खुशाल लोळत पड, असा सल्ला देऊ लागला. क्लूनीच्या मठात प्रार्थना चालू असता एक बंधू कंदील घेऊन रांगांमधून फिरे. कोणी डुलकी घेताना सापडला की कंदील त्याच्या डोळ्यांसमोर धरला जाई, आणि जागा झाल्यावर पुढची फेरी त्यालाच घालावी लागे. कॉन्व्हेंट शाळांतली मुले आजही हातवारे करीत ‘फ्रेर झाक’ हे फ्रेंच बालगीत म्हणतात. मॅटिन्सची घंटा वाजवायची सोडून घोरत पडलेल्या अशाच एका बंधूची त्यात थट्टा आहे, हे म्हणणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

घड्याळाच्या इतिहासाशीही या मध्यरात्रीच्या उठण्याचे नाते आहे. बाकीच्या जगाला रात्री किती वाजले याच्याशी कर्तव्य नव्हते, मठांना होते. सहाव्या शतकात तूरचे बिशप संत ग्रेगरी यांनी ताऱ्यांच्या उदयास्तावर एक ग्रंथच लिहिला, तो खगोलशास्त्राच्या हौसेने नव्हे, तर कोणत्या महिन्यात कोणता तारा कोठे आला असता प्रार्थनेस उठावे हे कळावे म्हणून. पुढे पाण्याची घड्याळे आली. इंग्लंडमधील बरी सेंट एडमंड्स येथे ११९८ साली एका रात्री संत एडमंड यांच्या समाधीपाशी आग लागली. मॅटिन्सपूर्वी घड्याळाचा टोल पडला, त्यासरशी उठलेल्या बंधूच्या ती दृष्टीस पडली. मग पाण्यासाठी काहीजण विहिरीकडे धावले आणि काहीजण घड्याळाकडे! तेथलाच मठवासी जोसेलिन याने हे लिहून ठेवले आहे. घड्याळात पाणी होते म्हणून ते धावले. आजचे पहाटे जागे झालेले लोकही घड्याळाकडेच धावतात. तेथे त्यांना काय मिळते ते त्यांनाच विचारावे.

येथवर मठांची कथा झाली. पण मठाच्या भिंतीबाहेर, सामान्य प्रपंची माणसे कशी झोपत होती? या प्रश्नाकडे इतिहासकारांनी फारसे लक्ष दिले नव्हते. लढाया, तह, राजघराणी यांतून त्यांना उसंत नव्हती. अमेरिकेतील व्हर्जिनियाचे इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ साली एक दीर्घ निबंध आणि २००५ साली ‘ॲट डेज क्लोज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या रात्रींचा शोध घेताना न्यायालयांतील जबान्या, रोजनिशा, वैद्यकाची पुस्तके, नाटके यांत त्यांना ‘पहिली झोप’ हा शब्द पुनःपुन्हा भेटू लागला. तो इंग्रजीत होता, फ्रेंचमध्ये होता, इटालियनमध्ये होता आणि लॅटिनमध्येही. मौज अशी की लिहिणाऱ्यांपैकी कोणीही त्याचा अर्थ समजावून देत नव्हता. जे सर्वांनाच ठाऊक असते ते कोण समजावून देतो?

एकर्च यांनी काढलेला निष्कर्ष असा. कारखानदारी येण्यापूर्वीच्या युरोपात बहुतेक माणसे रात्री दोन खेपांत झोपत. रात्र पडल्यावर काही वेळाने पहिली झोप, मध्यरात्रीच्या आसपास तास-दीड तास जाग, आणि मग पहाटेपर्यंत दुसरी झोप. मधल्या जागेत कोणी चुलीतला विस्तव सारखा करी, कोणी गुरांकडे नजर टाकून येई, कोणी पडल्या पडल्या पडलेल्या स्वप्नाविषयी शेजारच्याशी बोले. चोरही त्याच वेळी निघत, हे न्यायालयाच्या कागदांवरून दिसते. वैद्य सांगत की पहिली झोप उजव्या कुशीवर घ्यावी, दुसरी डाव्या. सोळाव्या शतकातील फ्रेंच वैद्य लोराँ जुबेर यांनी तर संतती इच्छिणाऱ्या श्रमजीवी दांपत्यांना पहिल्या झोपेनंतरचीच वेळ सुचवली होती. हा तपशील आम्ही विवाहपूर्व शिबिरात अद्याप सांगितलेला नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून निघालेल्या प्रार्थनापुस्तकांत या मधल्या जागेसाठी खास प्रार्थना असत. जागे होणे हा विकार आहे, असे त्यांतल्या कोणाच्या मनातही येत नव्हते.

मग ही दुसरी झोप गेली कोठे? ती उजेडाने नेली. पॅरिसमध्ये १६६७ साली रस्त्यांवर कंदील लागले. लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर १८०७ साली गॅसचे दिवे उजळले. १८७९ साली एडिसनचा विजेचा दिवा आला. रात्री जागणे ही श्रीमंतांची चैन होती ती हळूहळू सर्वांची सवय झाली. निजण्याची वेळ पुढे सरकली, कारखान्याच्या भोंग्याने उठण्याची वेळ मात्र जागची हलू दिली नाही. मधल्या मध्ये चेपली गेलेली रात्र एकाच झोपेची झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘पहिली झोप’ हा शब्द इंग्रजीतून जवळपास नाहीसा झाला, आणि मध्येच येणारी जाग ही तक्रार म्हणून डॉक्टरांपुढे येऊ लागली.

हे सारे वाचून आम्ही हरखून गेलो होतो. विज्ञानाची साक्षही मिळाली. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ थॉमस वेअर यांनी १९९२ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी पुरुषांना त्यांनी चार आठवडे रोज चौदा तास अंधारात ठेवले. सुरुवातीला ही माणसे साठलेली झोप भरून काढल्यासारखी खूप झोपली. नंतर झोप आठ तासांच्या आसपास स्थिरावली आणि पुष्कळदा तिचे दोन तुकडे झाले. मध्ये एक ते तीन तासांची शांत जाग. एकर्च यांच्या कागदपत्रांतली रात्र प्रयोगशाळेत पुन्हा अवतरली म्हणायची.

पण इतिहासात एक दार उघडले की दुसऱ्या दारातून वारा येतोच. २०१५ साली जेरोम सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील चिमाने या विजेविना जगणाऱ्या तीन समाजांच्या झोपेचे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यांच्यात दोन खेपांची झोप आढळली नाही. सूर्यास्तानंतर सरासरी तीनहून अधिक तास ते जागे असत, रात्री सुमारे पावणेसहा ते सात तास झोपत, आणि बहुधा उजाडण्यापूर्वीच उठत. त्यांतील सान व चिमाने यांच्या भाषेत निद्रानाशाला शब्दही नाही, असे संशोधकांना आढळले. तेव्हा दोन झोपा हाच मानवाचा मूळ धर्म, असे सरसकट म्हणता येत नाही. आम्हांला वाटते, भूगोलाचा भाग यात मोठा असावा. डिसेंबरात लंडनची रात्र सोळा तासांची असते. मुंबई-वसईची सर्वांत मोठी रात्र तेरा तासांच्या पलीकडे जात नाही. सोळा तास कोण सलग झोपेल?

आपल्याकडे रात्रीचे तुकडे पाडले ते कामाने. आमच्या बालपणी, सत्तरच्या दशकात, वडील अडीच-तीनला उठत. आदल्या संध्याकाळी बांधून ठेवलेली भाजीची आणि केळीच्या पानांची ओझी पहिल्या गाडीने दादरला न्यायची असत. परत आले की जेवून ओटीवर चटई टाकून तास-दीड तास निजत, आणि त्या वेळी आम्हां मुलांना अंगणात पाय वाजवायची बंदी असे. किल्लाबंदर-पाचूबंदरच्या कोळी बांधवांची झोप तर भरती-ओहोटीच्या हातात. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, तशी त्यांची निजायची वेळही सरके. यांपैकी कोणीही जाग येते म्हणून फादरांकडे तक्रार घेऊन गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पहाटेच्या त्या शेवटच्या झोपेला मराठीने ‘साखरझोप’ असा शब्द दिला, तो बहुधा ती न मिळणाऱ्या माणसांनीच दिला असावा.

आता आमच्या एका चुकीविषयी लिहायला हवे. सात-आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एक निवृत्त गृहस्थ हीच तक्रार घेऊन आले. आम्ही नुकतेच हे सर्व वाचलेले. मोठ्या उत्साहाने त्यांना बेनेडिक्ट सांगितले, पहिली-दुसरी झोप सांगितली, आणि जाग आली की जपमाळ हाती घ्या, म्हणून निरोप दिला. अन्नावरची वासना उडाली आहे, नातवंडांचा गलबला सोसवत नाही, आपण घराला भार झालो आहोत, असेही ते ओघात बोलले होते. आमचे लक्ष फक्त घड्याळातल्या आकड्याकडे होते. दोन महिन्यांनी त्यांची पत्नी आली. पहाटे मुलाने त्यांना विहिरीच्या काठावरून परत आणले होते. पुढे योग्य उपचार झाले, ते सावरले, आणि आमच्याविषयी त्यांनी मनात काही ठेवले नाही. आम्ही मात्र ते ठेवले आहे. नेहमीच्या वेळेआधी दोन किंवा अधिक तास जाग येणे हे नैराश्याच्या आजाराचे एक लक्षण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नोंदलेले आहे. हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. विचारले असते तर कोणत्याही डॉक्टरांनी सांगितले असते.

म्हणून आता असे कोणी आले की आम्ही आधी ऐकतो. मन उदास आहे का, जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट शब्दांत विचारतो. रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते, घोरताना श्वास अडकतो का, हेही विचारतो, आणि यांपैकी काही असेल तर आधी दवाखान्याची वाट दाखवतो. इतिहास नंतर.

नुसतीच जाग असेल, तर मात्र आजची शास्त्रीय शिकवण ऐकताना त्या जुन्या नियमावलीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडले की झोप येत नसेल तर बिछान्यात झगडत पडू नये. उठावे, दुसरीकडे बसावे, आणि डोळे जड झाले की मगच परतावे. बिछाना म्हणजे तळमळण्याची जागा, हे नाते मनाने विसरले पाहिजे. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली त्यात भर घातली की बिछान्यातला एकूण वेळच कमी करावा; जो सहाच तास झोपतो त्याने नऊ तास आडवे राहू नये. विचार आणि वर्तन बदलण्याच्या या उपचाराला दीर्घकालीन निद्रानाशावरील पहिला उपाय म्हणून अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली मान्यता दिली, गोळ्या त्यानंतर. ठरल्या वेळी उठणे, मंद दिवा, शांत वाचन, दुपारची बेताची विश्रांती हे सर्व बेनेडिक्ट यांच्या मठात होतेच. मोबाइल तेवढा नव्हता.

जुनी दोन खेपांची रात्र अगदीच संपली, असेही नाही. १०८४ साली संत ब्रूनो यांनी फ्रान्समधील ग्रेनोबलजवळच्या डोंगरात जो कार्थुसियन संघ स्थापला, त्याचे मठवासी आजही संध्याकाळी लवकर निजतात, मध्यरात्रीच्या आसपास उठून दोन-तीन तास काळोख्या देवळात स्तोत्रे गातात, आणि पुन्हा निजतात. फिलिप ग्रोनिंग यांनी २००५ साली त्यांच्यावर काढलेला जवळजवळ शब्दहीन चित्रपट पाहताना, खरे सांगायचे तर, आम्हांला मध्ये दोनदा डुलकी लागली. आम्हां धर्मप्रांतीय धर्मगुरूंना मात्र १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने या मध्यरात्रीच्या प्रार्थनेतून मोकळे केले. मॅटिन्सचे रूपांतर दिवसाच्या कोणत्याही वेळी करता येईल अशा वाचनाच्या प्रार्थनेत झाले. आम्ही ती बहुधा दुपारी, पंख्याखाली करीत असू. हल्ली तीनला जाग आली तर उठून ओसरीवरच्या दिव्याखाली तीच करतो. कधी त्यानंतर झोप लागते, कधी लागत नाही. न लागली तर साडेचारला चहा.

आजीबाईंना आम्ही एवढेच सुचवले की साडेआठऐवजी दहाला निजावे, जाग आली की घड्याळ पाहू नये, आणि पडून हिशेब करण्याऐवजी उठून बसावे. पहिले काही दिवस दहापर्यंत जागणे त्यांना जड गेले. मग सुनेला सोबत म्हणून त्या रात्री भाजीच्या जुड्या बांधू लागल्या. आता जाग चारला येते, कधी येतही नाही. आली तर त्या स्वयंपाकघरात बसून लसूण सोलतात, आणि हिशेब फिरू लागले की ज्याचा हिशेब आठवेल त्याच्या नावाने एक ‘नमो मरिया’ म्हणतात. ही युक्ती त्यांची स्वतःची. परवा बुधवारी सकाळी सहाच्या मिस्सेला खांबाजवळची त्यांची जागा रिकामी दिसली आणि आमच्या काळजात चर्र झाले. मिस्सा आटोपून घरी गेलो, तर सून दारातच तोंडावर बोट ठेवून उभी.

“हळू बोला फादर,” ती म्हणाली, “आई अजून झोपल्यात.”